विश्वेश घरात नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नोकरी नाही. कुडाळच्या कारखान्यात खरेदी विभागात बसून इतकी वर्षं नट-बोल्टांचे भाव काढले, आता बस्स. आता मी लेखक. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं आणि माझा मीच ओशाळलो. पण कोल्हापूरच्या प्रकाशनाला पहिली तीन प्रकरणं आवडली आहेत आणि फेब्रुवारीअखेर त्यांना पूर्ण कादंबरी हवी आहे, एवढं तरी खोटं नाही. कादंबरी खारेपाटणच्या जुन्या बंदराची. खाडीतून गलबतं यायची त्या काळातला एक व्यापारी, त्याचे दोन मुलगे आणि बुडत चाललेली पेढी.

आक्काला सगळं समजावून सांगितलं. आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो आणि आक्का नुकतीच शाळेत शिकवायला लागली होती. मला वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलं. माझंही राहिलं, पण ते आळसामुळे. ती निवृत्त झाल्यापासून कट्टा गावाजवळच्या या घरात आम्ही दोघंच.

"खारेपाटणाक एकदा जावन तरी इलंस?" तिने विचारलं.

"कल्पनेने लिहायचं असतं, आक्का."

"बरा तर," म्हणाली. "माका काय त्यातला कळता."

लेखकाची कल्पना कमी पडत नाही, त्याचं लक्ष उडतं, हे मी पुष्कळ वाचून आणि पुष्कळ व्हिडिओ बघून ठरवलं आहे. आजपासून सकाळी फोन तांदळाच्या डब्यात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले आणि लिहून झालं म्हणावं असं काहीच नाही. का ते लिहितो, निदान राग तरी निघेल. आज व्यापारी मुलाला फैलावर घ्यायला लागला, मस्त जमत होतं, आणि आक्का दारात.

"विश्वेश, शेवंती इली हा. बांगडे घेव काय सुंगटा?"

बांगडे काय, कोळंबी काय, काहीही घे म्हटलं. पुन्हा बसलो. "अरे, टाकी भरली, मोटर बंद कर." केली. पुन्हा बसलो. मग बघतो तर ती नुसतीच उभी.

"काय गो?"

"काय नाय. काल देवळात नर्मदाकाकी काय बोलली म्हायत आसा तुका? हसान हसान माझ्या पोटात—"

"आक्का, नंतर सांग."

ती गेली. पण व्यापारी जो गप्प झाला तो झालाच.

शेवटी जेवताना नियम सांगितला. सकाळी मी खोलीचं दार लावलं की जेवणापर्यंत विश्वेश घरात नाही असं समजायचं. कोणीही येवो, काहीही होवो.

"आणि आग लागली तर?"

"बंबवाल्यांक बोलाव. माका नको."

दोघंही हसलो. दुपारी भांडी घासताना ती रोज गुणगुणते, ते आज ऐकू आलं नाही. तेही थांबवायला सांगणारच होतो, आपोआप झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नियम लागू पडला! आक्काने नियम पाळायचा म्हटल्यावर तो पाळलाच जाणार, सगळी हयात मुलांना रांगेत उभं करण्यात गेली आहे तिची. आज शेजारचा बाबू काजूच्या कुंपणाचं काहीतरी विचारायला आला. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"विश्वेश घरात नाय."

"चपला तर हयच आसत."

"चपला आसत. तो नाय."

हसू दाबताना पुरेवाट झाली. पण पेढीला आग लागते ते प्रकरण पूर्ण झालं.

जेवताना आक्का म्हणाली, "गौरजाचो फोन इल्लो." गौरजा म्हणजे आमच्या मधल्या बहिणीची मुलगी. खारेपाटणला तिचा संसार, तिथेच शाळेत नोकरी. बाळंतपणाची रजा संपत आली आहे. "ती म्हणता, आक्कामावशी, तू हयच येवन रव. बाळाक बघूक कोण नाय."

मी अजून आगीतून बाहेर आलो नव्हतो. "बरा," म्हटलं.

"बरा म्हंजे?"

"म्हंजे तुका काय वाटता तसा कर."

ती भात कालवत राहिली. दुसऱ्याच्या आयुष्यातले निर्णय आपण घेऊ नयेत, या मताचा मी आहे. आक्काने जन्मभर इतरांचंच ऐकलं, निदान माझ्याकडून तरी तिला मोकळीक असावी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आक्का भलती काळजी करते. आज ताट वाढता वाढता पुन्हा गौरजाचा विषय. "मी थय गेलंय तर तुझ्या जेवणाचा काय?"

"पेज करूक येता माका."

"सांजच्या वेळाक घर खावक येयत रे."

"मी काय ल्हान आसंय आता?"

"नाय, माका वाटला—" म्हणाली आणि आपणहूनच थांबली. एकेकाळी ती सुरू झाली की तिला थांबवायला शेजारून माणूस बोलवावा लागायचा. सवय लागते माणसाला. मी तिला सांगून टाकलं, माझ्यासाठी अडकून राहू नकोस, माझं सगळं नीट होईल. हे बोललो ते बरं केलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं असेल.

धाकटा मुलगा घर सोडून जातो ते प्रकरण मात्र अडलं आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळ देवळात गेली, पण फुकट गेली नाही!

आक्काने आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, सोमवारी एवढो एकदा देवळात ये, कौल लावचो आसा. कसला ते मी विचारलं नाही. गावात कौल लावायला कारणं काय कमी असतात? बहुतेक माझ्या पुस्तकासाठीच असणार, असं धरून चाललो. बाबू होता, नर्मदाकाकी होती, आणखी चारदोन मंडळी. गुरव दत्ताराम याने देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला फुलांचे कळे लावले. उजवा आधी पडला तर देवाचा होकार. मग तो गाऱ्हाणं घालायला लागला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेक तुझ्या दारात उभी आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

आणि तिथे, त्या खांबाला टेकून उभा असताना, मला अडलेलं वाक्य सापडलं. दहा दिवस शोधत होतो ते. 'त्याला कोणी अडवलं नाही, म्हणून तो गेला.' एवढंच! बाकी सगळा पसारा काढूनच टाकायचा. अंगावर काटा आला. दत्तारामाचं चाललं होतं, आक्काचं नाव आलं, ते घर, काम पुरा होयसर, सुखान ठेव, असं काही काही कानावरून जात होतं. मी ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं होतं. त्या आनंदात शेवटचं "होय म्हाराजा" मी इतक्या जोरात म्हणालो की बाबू वळून बघायला लागला.

कळा उजवा पडला. आक्का बराच वेळ पाषाणाकडे बघत बसली होती. घरी येताना मी वाटभर एक शब्द बोललो नाही. वाक्य सांडेल अशी भीती वाटत होती. लक्ष एकाग्र झालं की माणूस देवळातसुद्धा काम करू शकतो, हे आज सिद्ध झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

गौरजाचा नवरा समर्थ गाडी घेऊन आला आणि आक्काला घेऊन गेला. जाताना तिने मला घरभर फिरवलं. लोणच्याची बरणी कुठे, कोकमाचं आगळ कुठे, गॅसचा नंबर कुठल्या भिंतीवर, विहिरीच्या पंपाची कळ कशी दाबायची. चार दिवसांसाठी केवढ्या सूचना! बॅगा तरी किती! शाल घेतली, वर्षभराची औषधं घेतली, आईचा फोटोसुद्धा भिंतीवरून काढून घेतला. समर्थ म्हणालाही, "मामा, तुमका चालात मां?" मी म्हटलं, न चालायला काय झालं?

गाडीत बसताना ती म्हणाली, "जातंय हां."

"पोचलंस काय फोन कर."

ती आणखी थोडी थांबली. मग समर्थने दार लावलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

असं लिहिणं मी आयुष्यात केलं नाही. दार लावायचीही गरज नाही. उठायचं, पेज टाकायची, लिहायचं. मोटर नाही, शेवंती नाही, नर्मदाकाकी नाही. धाकटा घर सोडून गेला, थोरला पेढीत एकटा बसला आहे आणि तीन पानं नुसता विचार करतो आहे. या वेगाने जानेवारीतच संपेल.

भाताला मात्र चव नाही. तांदूळ तोच आहे.

२६ डिसेंबर, शुक्रवार

झालेला मजकूर भक्तीताईंना पाठवला. त्या प्रकाशनाच्या संपादक.

आक्काचा फोन आला होता. बाळ रांगायला लागलं आहे. तिच्या पाठीमागे चार माणसांचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, कोणीतरी तिला हाक मारत होतं. मी विचारलं, "कधी येतंस?"

"तुझा झाला की."

तिची थट्टा करायची सवय काही जात नाही. "बरा बरा," म्हटलं. मग ठेवताना ती म्हणाली, "जेवतंस मां नीट?" खरं तर सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. "जेवतंय," म्हटलं.

इथे कोणी बघत नाही म्हणून लिहितो, मला तिची फार आठवण येते. संध्याकाळी दिवे लावताना हाक मारतो आणि मग लक्षात येतं.

९ जानेवारी, शुक्रवार

भक्तीताईंचा फोन. सुरुवातीला भाषेचं कौतुक, नमनालाच घडाभर तेल, तेव्हाच पाल चुकचुकली. मग म्हणाल्या, "विश्वेशराव, पहिल्या तीन प्रकरणांत जी जान होती ती पुढे नाही. मी नीट बघितलं काय झालंय ते. तुमच्या पुस्तकात आता कोणी कोणाचं बोलणं तोडतच नाही. प्रत्येक जण आपलं भाषण पूर्ण करतो आणि दुसरा ते शांतपणे ऐकून घेतो. अशी माणसं असतात का हो कुठे? आधीच्या प्रकरणांत व्यापारी हिशेबाचं गंभीर बोलत असताना ती बाई मध्येच येऊन मासे हवेत का विचारते, ते किती छान होतं. ती बाई गेली कुठे?"

ती बाई मी काढून टाकली होती. कथानकाला तिचा उपयोग नव्हता.

फोन ठेवल्यावर संताप संताप झाला. एवढं मन लावून लिहावं आणि यांना काय हवं, तर मासेवालीचे दर! पण पुढची प्रकरणं बदलून पाठवा, वाटल्यास मुदत वाढवून देते, असं म्हणाल्या. म्हणजे अजून नाही म्हटलेलं नाही. वेळापत्रक कडक करायला हवं. वाचन बंद, बाबूकडे संध्याकाळी जातो ते बंद.

१८ जानेवारी, रविवार

आज कट्ट्याच्या बाजारात दत्ताराम भेटला. आक्काची चौकशी केली. म्हटलं, येईल चार दिवसांत. तो बघतच राहिला.

"चार दिवसांत कशी येतली? पुस्तक झाला तुझा?"

"पुस्तकाचा काय संबंध?"

"अरे, तुझ्या म्होरच तर गाऱ्हाणा घातलंय! 'भावाच्या कामात हिची अडचण होता म्हाराजा, तेचा पुस्तक पुरा होयसर हिका भाचयेच्या घरात सुखान ठेव.' देवान उजवो कौल दिल्यान. आता पुस्तक होयसर ती उंबरठो ओलांडूची नाय. तू तर सगळ्यात मोठ्यान होय म्हटलंस."

पुस्तक पूर्ण होईपर्यंत! भाजीची पिशवी तशीच दुकानात राहिली, बाबूने नंतर आणून दिली. मी म्हटलं, तिने मला सांगितलं का नाही?

"तीनदा इचारल्यान म्हणा तुका. तू काय बोललंस नाय, म्हणान देवाक इचारूक इली."

मला विचारलं? कधी? सांगत होती, ते मला आठवतं. विचारत कुठे होती? आणि अडचण हा शब्द मी एकदाही उच्चारलेला नाही.

कौल फिरवता येतो का विचारलं. "येता की," दत्ताराम म्हणाला. "बहिणीक घेवन ये, देवाम्होर उभो रव आणि तुका काय व्हया ता तुझ्या तोंडान बोल. मी गाऱ्हाणा घालतंय." गावातल्या दहा माणसांसमोर, बाबूसमोर, आपलं घरचं बोलायचं? ते काही मला जमण्यातलं नाही. त्यापेक्षा पुस्तक पूर्ण करणं सोपं. निदान ते माझ्या हातात आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

नाही. हातात नाही. दोन आठवडे कागद तसाच. आता एवढं शांत आहे की पेजेत चमचा ढवळला तर दचकायला होतं. व्यापारी बोलत नाही, मुलगे बोलत नाहीत. त्या मासेवाल्या बाईला परत आणायला गेलो, तर ती येते, दारात उभी राहते आणि मला पुढचं वाक्यच सुचत नाही. आज तर शेवंतीला मीच हाक मारली. "बांगडे आसत?" ती म्हणाली, "आसत. आक्का नसताना तुका साफ कोण करून देतला?" आणि गेली.

मी घाबरलो आहे. पुस्तक झालं नाही तर ती येणार नाही, आणि ती इथे नाही म्हणून पुस्तक होत नाही... नाही, हे शेवटचं वाक्य चूक आहे. मनाचा दुबळेपणा आहे. पुस्तक शिस्तीने होतं.

पण एक करता येईल. पुस्तक झालं असं सांगून तिला आणतो. मग महिनाभरात खरंच पूर्ण करीन. खोटं म्हणजे तरी काय, थोडं आधी सांगितलेलं खरं.

८ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

कणकवलीहून एसटीने खारेपाटण. खाडी पहिल्यांदा बघितली. गाळाने भरलेली, मी लिहिली त्याच्या निम्मीही नाही. गौरजाच्या घरी आक्का ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मी बोलायचं विसरलो. तीच म्हणाली, "पुस्तक झाला?"

"झाला."

ती उठलीच. बाळ गौरजाकडे दिलं, हात धुतले आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. गौरजाचं तोंड उतरलं, पण ती डबा भरायला गेली. समर्थ म्हणाला, "मामा, जेवन तरी जावा." आक्का आतून ओरडली, "घराक जावन जेवतलंव!" त्या आवाजासाठी मी काय काय दिलं असतं.

स्टँडवर उभे होतो. बॅग माझ्या हातात, आईचा फोटो तिने साडीत गुंडाळून छातीशी धरलेला. तिचं बोलणं सुरू झालं, नर्मदाकाकीचं, बाळाच्या दाताचं, इथल्या पाण्याचं. मी ऐकत होतो. मध्येच तिने विचारलं, "शेवट काय केलंस रे?"

"शेवट?"

"पुस्तकाचो. काय होता मगे शेवटाक?"

मी काहीतरी सांगायला लागलो. थोरला पेढी विकतो म्हणालो, मग म्हणालो नाही विकत, मग म्हटलं ते वाचल्यावर कळेल. गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे ती जशी बघायची, तशी बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातली बॅग घेतली.

"देवाक मी काय सांगतलंय, विश्वेश?"

मी खाली मान घातली. "थोडाच रवला हा, आक्का. खरा सांगतंय."

"रवांदे. कर पुरा. मी हय बरी आसंय."

एसटी आली. लोक चढायला लागले. ती तिथेच उभी.

"आणि काय सांगूचा आसा तुका?"

"नाय."

"कायच नाय?"

"नाय गो. गाडी सुटात."

मी चढलो. खिडकीतून बघितलं तर ती अजून माझ्याकडेच बघत होती, बॅग खाली न ठेवता.

कणकवली येईपर्यंत रडलो. शेजारच्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. घरी आलो, दिवा लावला आणि हे लिहायला बसलो. मला आक्का हवी आहे. पुस्तकासाठी नको, जेवणासाठी नको, नुसती घरात हवी आहे. हे इतकं साधं आहे की लिहायला एक ओळ पुरली.

आणि त्यासाठी एकच मार्ग आहे, तो म्हणजे पुस्तक. आता एक क्षणही वाया घालवून चालणार नाही. उद्यापासून अंधारातच उठायचं, दुपारची झोप बंद, बाजार बंद, बाबूला सांगून ठेवायचं की मी गावात नाही. फोन दिवसभर डब्यात. आक्काचाही घ्यायचा नाही. तिचा आवाज ऐकला की दोन-दोन दिवस लक्ष लागत नाही. सगळं पूर्ण झालं की मीच तिला फोन करीन. ती समजून घेईल.